जुनी गाडी घेताना चासी नंबर कसा तपासावा

कोल्हापुरात एमएच-09 पासिंगची जुनी गाडी पाहायला जाताना आधी आरसी बुकाची मूळ प्रत मागावी आणि तिच्यावरचा सतरा अक्षर-अंकांचा चासी नंबर (गाडीचा कायमचा ओळख क्रमांक) गाडीवर कोरलेल्या नंबरशी एकेक अक्षर लावून पाहावा. त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरे कधीच नसतात, त्यामुळे गोल दिसणारे चिन्ह शून्यच समजावे. पहिली तीन अक्षरे उत्पादकाची असतात. मारुती सुझुकीच्या बहुतेक गाड्यांवर एमए3, तर टाटाच्या गाड्यांवर एमएटी आढळते.

नंबर कोरण्याची जागा मॉडेलप्रमाणे बदलते: बॉनेटखाली इंजिनामागचा पत्रा किंवा पुढच्या सीटखालचा, गालिचा उचलल्यावर दिसणारा भाग. दाराच्या खांबावरची पट्टी बदलता येते, म्हणून कोरीव नंबरच प्रमाण मानावा. त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली की ठसा उमटतो. अक्षरे वेडीवाकडी, भोवती वेल्डिंग किंवा ताजा रंग दिसल्यास व्यवहार थांबवावा. मात्र 2019 किंवा 2021 च्या महापुरात बुडालेल्या गाडीत तिथे नुसता गंजही असू शकतो, आणि तोही भाव पाडून मागण्यास पुरेसा आहे.