पुढे शिकायचे आहे, हे वरिष्ठांना कसे सांगावे

नोकरी सांभाळून पुढे शिकण्याचा मनोदय वरिष्ठांना सांगण्यापूर्वी, गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्याच खात्यातील कोणाला परीक्षेसाठी रजा, शुल्काची भरपाई किंवा शिक्षणानंतर बढती मिळाली, याची चौकशी करावी. कारण वार्षिक मूल्यमापनात ‘तुमचे ध्येय काय’ असे विचारणारे सगळेच ते उत्तर लक्षात ठेवतात असे नाही.

मागणी नेमकी असावी. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठासारख्या, १९८९ मध्ये स्थापन झालेल्या दूरशिक्षण संस्थेत प्रवेश घेणार असाल, तर परीक्षेच्या तारखा, त्या दिवशी आपले काम कोण पाहील आणि नव्या शिक्षणाचा कामात उपयोग कोठे होईल, हे एका पानावर लिहून द्यावे.

कंपनीने खर्च उचलल्यास बहुधा बंधपत्र, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा लेखी करार, पुढे येते, आणि खरी मेख तेथेच असते. ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडल्यास प्रशिक्षणाचा वाजवी खर्च परत मागितला जाऊ शकतो. मात्र नोकरी सोडल्यानंतर त्याच क्षेत्रात काम करण्यास मनाई करणारी अट भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार सामान्यतः रद्दबातल ठरते. मिळालेला होकार त्याच दिवशी ईमेलने नोंदवून ठेवावा. तोंडी शब्द देणारे साहेब बदलून जातात.