पर्यावरणाचा अंक काढायचाय? मग लेख मागवत बसू नका

'आधी लेख मागवा, आले की जुळवू' हा सल्ला स्वतःचा छोटा अंक काढणाऱ्या प्रत्येक नव्या ग्रुपला कोणीतरी देतंच. तो अजिबात ऐकू नका, कारण मग हातात येतात वसुंधरेवरच्या कविता आणि 'झाडे लावा' छाप निबंध, आणि लिहिणारे सगळे फुकट काम करणारे मित्रच असल्यामुळे नाही म्हणता येत नाही.

एका अंकाला एकच जागा घ्या. तुमची नदी, टेकडी, डम्पिंग ग्राउंड, काहीही चालेल. संपादन, चित्रं आणि पैसे तीन वेगळ्या लोकांकडे द्या.

आता खरं अवघड काम, आंदोलनावरचा मुख्य लेख. माझी सगळ्यात जास्त डोकेफोड इथेच झालीये. समजा विषय मुंबईतल्या आरेच्या जंगलाचा आहे. पहिल्या ड्राफ्टमध्ये हमखास 'रातोरात हजारो झाडांची कत्तल' असं येतं. वाक्य खोटं नाही, पण त्यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. त्याजागी असं लिहा: मेट्रो कारशेडसाठी मुंबई पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने २,१८५ झाडं तोडायला आणि ४६१ दुसरीकडे लावायला परवानगी दिली, ४ ऑक्टोबर २०१९ ला हायकोर्टाने या तोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या, त्याच रात्री करवती सुरू झाल्या, ७ तारखेला सुप्रीम कोर्टाने तोड थांबवली तोवर २,१४१ झाडं पडली होती. हे वाचून जेवढा राग येतो तेवढा कुठल्याही विशेषणाने येत नाही. म्हणून माझा नियम पक्का आहे, विशेषण खोडा आणि तारीख टाका. आकडा व्हॉट्सअॅप फॉरवर्डमधून कधीच उचलू नका, एक जरी चुकला तरी समोरची बाजू तेवढाच धरून सगळा लेख उडवून लावते. कागद हवा असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका, फी १० रुपये, पण उत्तराला कायद्यानेच ३० दिवसांची मुदत आहे, त्यामुळे अंक ठरला त्याच दिवशी टाका.

आणि त्या जागेची संस्कृतीही अंकात आणणार असाल, तर ती म्हणजे कोपऱ्यात वारली चित्राची पट्टी नव्हे, प्लीज. पाड्यावरच्या आजीने गाणं सांगितलं तर ते तिच्याच बोलीत छापा, 'शुद्ध' करू नका, खाली तिचं नाव तिला विचारून द्या आणि छापण्याआधी सगळं तिला वाचून दाखवा. याला वेळ लागतो, लागू दे, अंक आठवडाभर उशिरा आला तरी चालेल.

मजकूर पहिल्यापासून युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही फोन-कॉम्प्युटरवर वाचता येईल असा, टाइप करा, मुक्तासारखा फुकट फॉन्ट मस्त चालतो. पानं मांडायला इनडिझाइन हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यातलं वर्ल्ड-रेडी कंपोझर हे सेटिंग चालू करा, नाहीतर जोडाक्षरं फुटतात. पानं चारच्या पटीत ठेवा. १६ पानी अंक म्हणजे ए-फोरचे चार कागद, मधे घडी आणि दोन पिना. सगळ्यात बाहेरच्या कागदावर १ आणि १६ शेजारी येतात, त्यामुळे आधी कोऱ्या कागदांची डमी करून त्यावर पेनाने नंबर घाला आणि तीच झेरॉक्सवाल्याला दाखवा.

पहिली प्रत आजीला नेऊन द्या, बाकीच्या नंतर वाटा.