कलावंतांच्या कामातून रोजच्या कामासाठी दृष्टी कशी घ्यावी

प्रदर्शन पाहून बाहेर पडताना मन भरून आलेले असते, मोबाईलमध्ये भरपूर छायाचित्रे साठलेली असतात आणि आठवडा उलटला तरी त्यांतले काहीही आपल्या हातच्या कामात उतरलेले नसते, हा अनुभव बहुतेकांच्या परिचयाचा आहे. याचे कारण असे की आपण वस्तूचे रूप साठवतो, पण ते रूप ज्या निर्णयातून आले तो निर्णय शोधत नाही. रूप त्या वस्तूपुरतेच राहते. निर्णय मात्र उचलून दुसऱ्या कामात नेता येतो. शाळेतील शिक्षिका, डबे करून देणारी गृहिणी, कार्यालयात कागदपत्रे तयार करणारा कर्मचारी, यांपैकी कोणालाही चित्र काढता येत नसले तरी हे साधू शकते, आणि पुण्यात राहणाऱ्याला त्यासाठी फार लांब जावेही लागत नाही.

तयारी थोडीच लागते. रेघा नसलेली एक वही आणि एक पेन्सिल जवळ असावी, आणि पहिली पंधरा मिनिटे मोबाईल पिशवीतच राहू द्यावा. वहीत वस्तूचे चित्र काढावे. ते कितीही ओबडधोबड आले तरी चालेल, कारण चित्र काढताना डोळ्यांना उत्तरे द्यावीच लागतात. दांडा भांड्याला नेमका कुठे जोडला आहे, काठ बाहेर वळला आहे की आत, हे छायाचित्र घेणाऱ्याच्या लक्षात आले नाही तरी चालून जाते. रेघ ओढणाऱ्याला मात्र ते पाहिल्याशिवाय पुढे सरकता येत नाही.

सुरुवात शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालयापासून करावी. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. त्यांनी आयुष्यभर गावोगाव हिंडून माणसांच्या नित्य वापरातल्या वस्तू मिळवल्या आणि लहानपणीच गेलेल्या राजा या मुलाच्या नावाने हे संग्रहालय उभे केले. दिवे, कुलपे, दौती, फण्या, करंडे, अडकित्ते, स्वयंपाकाची भांडी अशा वस्तूंना तिथे जो मान आहे, तो आपल्या कामाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. सगळी दालने एका दिवसात पाहण्याचा मोह टाळावा आणि एकच प्रकार निवडावा. माझी शिफारस अडकित्त्यांची आहे.

मांडलेल्या अडकित्त्यांपैकी पाच निवडावेत आणि वहीच्या पानाचे उभे दोन भाग करावेत. डावीकडे पाचही अडकित्त्यांत जे समान आहे ते लिहावे: एका टोकाला खिळ्याचा सांधा, त्याला लागून पाते आणि मागे लांब दांडे. सुपारी कठीण असते. ती सांध्याजवळ ठेवून दांड्यांच्या दूरच्या टोकाला जोर लावला की कमी श्रमात कातरली जाते, त्यामुळे ही रचना कोणत्याही कारागिराला सहसा बदलता आलेली नाही. उजवीकडे फरक लिहावेत. कुठे घोडा दिसेल, कुठे पक्षी, कुठे नुसत्या रेघांची नक्षी. हे फरक नोंदवताना हळूहळू ध्यानात येते की नक्षी मन मानेल तिथे केलेली नाही. पाते बहुधा साधेच ठेवलेले असते, कारण तिथली सजावट काम बिघडवेल. तळहात जिथे दाबला जातो तिथे टोचणारे काही नसते. आणि कारागिराची सगळी हौस उरलेल्या जागी, सांध्याच्या वर किंवा दांड्यांच्या बाहेरच्या अंगाला, मनसोक्त फुललेली असते. पाय घासण्याच्या वज्रींतही हाच विचार आढळतो: तळ खरखरीत आणि निव्वळ कामाचा, तर हातात येणाऱ्या वरच्या भागावर पशुपक्षी.

हे पान घरी नेऊन आपल्या एखाद्या कामाशेजारी ठेवावे. घरातल्या लग्नाची पत्रिका करायची असेल, तर तिच्यातही पाते कोणते हे आधी ठरवावे. तारीख, मुहूर्त आणि कार्यालयाचा पत्ता हे पात्याचे भाग आहेत. तिथे वेलबुट्टी, सोनेरी छटा किंवा वळणदार अक्षर आले की पाहुणे पत्ता विचारायला दूरध्वनी करणारच. गणपतीचे चित्र, कडेची नक्षी आणि आजीने सुचवलेल्या दोन ओळी यांना पत्रिकेच्या उरलेल्या जागेत मोकळे सोडावे. अडकित्त्याचा आकार पत्रिकेवर कुठेही उमटलेला नसतो, तरी अडकित्ता घडवणाऱ्याकडून आपण काहीतरी खरोखर घेतलेले असते.

दुसरा मुक्काम कसबा पेठेतील तांबट आळीचा. तांब्याचा पत्रा ठोकून भांडी घडवणारी घराणी पेशवाईच्या काळापासून या भागात काम करत आली आहेत. भांड्यावर हातोडीच्या ठोक्यांच्या ज्या एकसारख्या ओळी दिसतात त्या कामाला मठार म्हणतात. भांडे हातात घेऊन, खिडकीकडे धरून आणि सावकाश फिरवून पाहावे. प्रत्येक ठोक्याची उथळ खूण प्रकाश वेगळ्या कोनातून परतवते, म्हणून भांडे फिरते तशी झळाळी पृष्ठभागावरून सरकत जाते. याच ठोक्यांनी तांबे कठीण होते आणि पातळ पत्र्याला ताठपणा येतो. शोभा आणि मजबुती दोन्ही एकाच कृतीतून निघालेल्या आहेत, आणि वहीत लिहायचा निर्णय तोच. आपल्याकडच्या गोधडीतही तो सापडतो, कारण तिथे जुन्या लुगड्यांचे थर धरून ठेवणारा धावदोराच नक्षी बनतो. स्वतःच्या कामात असे ठिकाण शोधावे, जिथे आवश्यक कृती जरा नीट केली की वेगळी सजावट लागतच नाही. दप्तरातील फायलींना विषयवार रंगाची पट्टी लावली, तर त्या शोधायला सोप्या होतात आणि कपाटही देखणे दिसते.

आळीत जाताना एक पथ्य पाळावे. ते कामाचे ठिकाण आहे, प्रेक्षणीय स्थळ नव्हे. कारागिराच्या उजेडात उभे राहू नये, हातोडी चालू असताना प्रश्न विचारू नयेत, आणि काम थांबल्यावर “काका, हे घडवताना सगळ्यांत अवघड काय असतं?” एवढेच विचारून ऐकत राहावे. जमल्यास एखादी लहान वस्तू विकत घ्यावी आणि मठारकामाच्या मजुरीत घासाघीस करू नये. ज्याच्याकडून शिकायचे त्याच्या श्रमाचे मोल कमी करणे मला अगदी अयोग्य वाटते.

वस्तूला कोणते प्रश्न विचारायचे हे सुचत नसेल, तर त्याचा एक उत्तम नमुना उपलब्ध आहे. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी डिझायनर दांपत्याने भारत सरकारच्या निमंत्रणावरून देशभर फिरून १९५८ मध्ये एक अहवाल दिला. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ मध्ये स्थापन झाली, तिच्यामागे या अहवालाची प्रेरणा होती. भारतात पाहिलेल्या वस्तूंपैकी साध्या लोट्याने त्यांना सर्वाधिक मोहित केले. असा लोटा नव्याने घडवायचा झाला तर काय काय विचारात घ्यावे लागेल, याची त्यांनी लांबलचक यादी केली: त्यात किती पाणी मावावे, ते उचलणाऱ्या हातांचा आकार आणि ताकद किती, तो डोक्यावर नेणार की कमरेवर, भरलेला आणि रिकामा असताना तोल कसा राहील, पाणी ओतताना धार कशी पडेल, घासायला सोपा जाईल का, स्पर्श कसा वाटेल, टेकवताना आवाज कसा येईल, किंमत किती पडेल. कोणा एका माणसाने लोट्याची रचना केली नाही, अनेक पिढ्यांनी केली, हेही त्यांनी नोंदवले. हे सर्व प्रश्न आज संध्याकाळी आपल्या स्वयंपाकघरातील तांब्याला विचारून पाहावेत, आणि नंतर तेच आपण तयार केलेल्या एखाद्या गोष्टीला विचारावेत. ग्राहकाला दिलेली पावती भरलेल्या हातांनी धरता येते का? वर्गातल्या तक्त्यावरची अक्षरे शेवटच्या बाकावरून वाचता येतात का? उत्तरे लगेच मिळतात आणि बहुतेक वेळा सुधारणाही त्यांच्यासोबतच सुचते.

अक्षरांकडे मी विशेष लक्ष वेधू इच्छितो, कारण लिहिणे प्रत्येकाच्याच वाट्याला येते. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी शीर्षके रेखाटली आणि नाटकाचा स्वभाव नावाच्या वळणातच दिसावा अशी त्यांची हातोटी होती. र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी देवनागरी अक्षराचा अभ्यास संगणकापर्यंत नेला. अनेकांच्या संगणकावर असलेला ‘मंगल’ हा टंक (फॉन्ट) त्यांच्या रचनेतून आलेला आहे. पेठांमधून चालताना जुन्या दुकानांच्या हाताने रंगवलेल्या पाट्या पाहाव्यात आणि त्यांतले एकच अक्षर, समजा ‘क्ष’ किंवा ‘ळ’, निरनिराळ्या पाट्यांवरून वहीत उतरवत राहावे. जागा अपुरी पडली तेव्हा रंगाऱ्याने अक्षर दाबले की मात्रा छोटी केली, दुरून वाचायचे नाव आणि जवळून वाचायचा पत्ता यांत त्याने किती फरक ठेवला, हे टिपावे. यानंतर सोसायटीच्या फलकावर लावायची पाणीकपातीची सूचना लिहून पाहावी. ‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की’ या ओळीला वरची जागा देण्याऐवजी ‘गुरुवारी सकाळी पाणी येणार नाही’ हे वाक्य सर्वांत मोठ्या अक्षरांत वर घ्यावे, टाकी भरून ठेवण्याची वेळ त्याखाली मध्यम अक्षरांत आणि कारण व सही तळाला लहान अक्षरांत द्यावी. जिना उतरता उतरता माणसे ती वाचून पुढे जातील.

वगळण्याची कला शिकायची असेल, तर १९२५ मध्ये जन्मलेले ज्येष्ठ व्यंगचित्रकार शि. द. फडणीस यांची चित्रे समोर ठेवावीत. त्यांच्या चित्रांत बहुधा एकही शब्द नसतो. गणिताच्या पाठ्यपुस्तकांतील त्यांच्या चित्रांमुळे रुक्ष समजला जाणारा विषय मुलांना जवळचा वाटला. एक चित्र घेऊन त्यातील प्रत्येक वस्तूवर क्रमाने बोट ठेवावे आणि ती नसती तर विनोद कळला असता का, असे विचारावे. नसती तरी चालले असते अशी वस्तू क्वचितच सापडते. आपल्या पुढच्या सादरीकरणाच्या प्रत्येक पानावर हेच बोट फिरवावे.

इमारती पाहताना एकाच भिंतीपाशी थांबावे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या परिसरातील आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेची वास्तू चार्ल्स कोरिया (१९३०–२०१५) यांनी रचली आहे आणि राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, ती सर्वसामान्यांना पाहता येते. आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांच्या पुतळ्यांपाशी गर्दी होतेच. तिथून थोडे मागे येऊन भिंतींचा दगड पाहावा. खाली इथला काळा बेसाल्ट, त्यावर त्याहून काळा कडाप्पा आणि सर्वांत वर आभाळ प्रतिबिंबित करणारा चकचकीत काळा ग्रॅनाइट असा तो क्रम आहे. रंग एकच आणि पोत तीन, हा इथला निर्णय. घरच्या गणपतीची आरास करताना दहा रंगांची सामग्री आणण्याऐवजी एकच रंग ठरवून सुती कापड, रेशमी खण आणि ताजी फुले अशा तीन पोतांत तो मांडून पाहावा. खर्च कमी होतो आणि नजर सरळ मूर्तीकडे जाते. लक्ष्मी रस्त्यापासून जवळच असलेल्या विश्रामबाग वाड्याच्या दर्शनी भागातील सुरूच्या आकाराचे लाकडी खांबही असेच सावकाश पाहण्याजोगे आहेत.

ज्यांना कुठेच जाणे शक्य नाही त्यांनी जपानी चित्रकार होकुसाई यांचा मार्ग धरावा. त्यांनी फुजी पर्वत निरनिराळ्या ठिकाणांहून, निरनिराळ्या ऋतूंत, कधी लाटेआडून तर कधी कामकरी माणसांच्या पलीकडे दाखवला. छत्तीस दृश्यांची म्हणून सुरू झालेली ती मालिका पुढे सेहेचाळीस चित्रांपर्यंत गेली. आपल्या गच्चीतून, बसथांब्यावरून, सिंहगड रस्त्यावरून पर्वती दिसते. पोस्टकार्डाएवढ्या चौकटीत तिची नुसती बाह्यरेषा काढत राहिले, तरी समोर काय ठेवावे आणि मागे काय, याचा सराव होतो.

घेणे आणि उचलणे यांतील भेद मात्र जपावा. हयात कलावंताचे सुलेखन किंवा चित्र त्याला न विचारता आपल्या पत्रिकेवर छापणे ही प्रेरणा नव्हे. ते हवेच असेल तर परवानगी घ्यावी, मानधन द्यावे आणि नाव छापावे. निर्णय समजून घेऊन तो वेगळ्या कामात वापरला असेल, तर अशी अडचण सहसा येत नाही.

वहीत प्रत्येक चित्राखाली तीन ओळी असाव्यात: वस्तू कोणती, घडवणाऱ्याचा निर्णय कोणता आणि तो माझ्या कोणत्या कामात वापरणार. तिसरी ओळ रिकामी राहिली, तर ते पान अर्धे समजावे आणि पुढच्या आठवड्यात त्यावरच परत यावे. आठवड्याला एक पान पुष्कळ झाले.

महिन्यातून एकदा बालगंधर्व रंगमंदिराच्या कलादालनात डोकवावे, कारण तिथे चित्रकार किंवा छायाचित्रकार अनेकदा आपल्या कामाशेजारी स्वतः बसलेला असतो. त्याला “हे करायला किती वेळ लागला?” असे विचारले तर उत्तर एका आकड्यात संपते. “यातला कोणता भाग तुम्ही पुसून पुन्हा केलात, आणि का?” असे विचारावे, आणि तो सांगू लागला की वही उघडावी.