जुन्या शिडाच्या बोटीच्या गळक्या खिडक्या : दुरुस्ती करताना या चुका टाळा

पंचवीस-तीस वर्षे पाण्यात काढलेल्या शिडाच्या बोटीच्या केबिनमध्ये कुबट वास येत असेल, खिडकीखालच्या लाकडावर तपकिरी ओघळ उमटले असतील आणि गादीचा एक कोपरा नेहमी दमट लागत असेल, तर संशय खिडकीवरच जातो आणि तो बहुधा खरा ठरतो. पुढचे काम मात्र बहुतेक जण घाईने करतात. एक-दोन मोसमांत तीच खिडकी पुन्हा गळू लागते आणि दोष सीलंटच्या (सांधे बुजवणाऱ्या लवचिक लगद्याच्या) माथी मारला जातो. माझ्या मते दोष सीलंटचा क्वचितच असतो. खिडकी म्हणजे एकदा बुजवले की कायमचे बंद होणारे भोक, अशी आपली समजूत असते आणि घोटाळा तिथेच होतो.

खिडकी सतत हलत असते. आपण सवयीने तिला काच म्हणतो, पण बहुतेक बोटींवर ती ॲक्रिलिकची किंवा पॉलिकार्बोनेटची असते आणि ही प्लॅस्टिके उष्णतेने फायबरग्लासच्या दुपटी-तिपटीने प्रसरण पावतात. एक मीटर लांबीची ॲक्रिलिकची काच पहाटेच्या १० अंशांवरून दुपारच्या ५० अंशांवर गेली, तर ती सुमारे २.८ मिलिमीटरने वाढते. तिच्याखालची केबिनची भिंत त्याच वेळी जेमतेम एक मिलिमीटर वाढते. म्हणजे काचेचे प्रत्येक टोक भिंतीवर जवळजवळ एक मिलिमीटर सरकते आणि रात्री परत येते. शिवाय वाऱ्याविरुद्ध जाताना डोलकाठीला आधार देणाऱ्या तारांच्या ओढीने केबिनची भिंत किंचित पिळवटते, ते वेगळेच. खाली सांगितलेल्या बहुतेक चुका ही हालचाल विसरल्यामुळेच होतात.

पाणी टपकते तिथेच शोध थांबवणे

आत दिसणारा थेंब आणि पाणी शिरण्याची जागा यांत अनेकदा हाताचे अंतर असते. पाणी डेकवरच्या हातदांडीच्या बोल्टमधून, कठड्याच्या खांबाच्या तळातून किंवा डोलकाठीच्या तारा जिला बांधतात त्या चेनप्लेट नावाच्या धातूच्या पट्टीच्या कडेने आत येते. ते छताच्या अस्तराआडून वाहत खिडकीच्या वरच्या कडेशी पोहोचते आणि तिथून टपकते. मग खिडकी बदलली तरी गळती तशीच राहते. म्हणून सीलंटची नळी हातात घेण्यापूर्वी खिडकीभोवतीचे अस्तर आणि लाकडी पट्ट्या काढून भिंत उघडी करणे आवश्यक आहे. तेवढा त्रास कितीही कंटाळवाणा वाटला तरी तो टाळू नये.

त्यानंतर एकाने आत बॅटरी घेऊन बसावे आणि दुसऱ्याने बाहेरून पाणी सोडावे. पाणी नेहमी खालून वर सोडावे. आधी खिडकीची खालची कड, मग दोन्ही बाजू, मग वरची कड आणि सर्वांत शेवटी डेकवरची सामग्री, असा क्रम ठेवून प्रत्येक टप्प्यावर निदान पाच-दहा मिनिटे थांबावे. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळते आणि त्यातून काहीच निष्पन्न होत नाही. पाण्याची धार जोरात मारण्याचीही गरज नाही, कारण जोराच्या धारेने एरवी न गळणारा सांधाही गळू शकतो. उघड्या भिंतीवर खडूची पूड लावून ठेवली किंवा टिश्यूपेपर चिकटवला, तर पहिली ओल नेमकी कुठे उमटली ते कळते. एवढे करूनही उलगडा झाला नाही, तर केबिनची सर्व दारे-झडपा बंद करावीत, पंख्याने आत हवा भरावी आणि बाहेरून सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. जिथे बुडबुडे येतील तिथे वाट आहे.

चौकटीच्या खिडकीत ही वाट चार ठिकाणी असू शकते : काच आणि चौकट यांच्यामधले रबर, चौकट आणि भिंत यांच्यामधला सांधा, स्क्रूंची भोके आणि खुद्द चौकटीच्या कोपऱ्यांतले जोड. चौकट काढून नव्या सीलंटवर बसवली आणि पाणी मात्र जुन्या, आखडलेल्या रबरातून येत राहिले, असे फार वेळा घडते. सरकत्या खिडकीत तर खालच्या खाचेतली निचऱ्याची भोके कचऱ्याने तुंबलेली असतात आणि साचलेले पाणी आतल्या बाजूने उतू जाते. तिथे एका तारेने भोके मोकळी केली की काम संपते. थंड सकाळी काचेच्या आतल्या बाजूवर जमणारे दवही अनेकांना गळती वाटते. कोरड्या दिवसांतही ओल दिसत असेल, तर आधी वायुवीजनाकडे पाहावे.

बाहेरून सीलंट फासणे

कडेवरून ओढलेली सीलंटची रेघ जेमतेम एक मिलिमीटर जाडीची, अस्वच्छ पृष्ठभागावर बसलेली आणि उन्हात उघडी असते. काच सरकली की ती एका बाजूने सुटते आणि आत शिरलेल्या पाण्याची बाहेर जाण्याची वाटच बंद करते. त्यातही ही रेघ सिलिकोनची असेल, तर पुढच्या खऱ्या दुरुस्तीला ती मोठा अडथळा ठरते, कारण फायबरग्लासवर राहिलेल्या सिलिकोनच्या अंशावर रंग, इपॉक्सी (दोन घटक मिसळल्यावर घट्ट होणारी राळ) किंवा दुसरे कोणतेही सीलंट नीट धरत नाही. वादळापूर्वीच्या संध्याकाळी तात्पुरता उपाय हवाच असेल, तर बाहेरून चांगली चिकटपट्टी लावावी. ती निदान निघते तरी.

चौकट ओढून काढणे

ॲल्युमिनियमच्या चौकटीत स्टेनलेस स्टीलचे स्क्रू असतील, तर खाऱ्या पाण्यामुळे त्यांच्याभोवतीचे ॲल्युमिनियम गंजून ते जाम झालेले असतात. जोर लावला की स्क्रूचे डोके तुटते किंवा चौकट वाकते. जुन्या बोटीसाठी तशीच चौकट पुन्हा मिळेलच, याची खात्री नसते. गंज सोडवणारे तेल घालून एक-दोन दिवस वाट पाहावी, मग थोडी उष्णता द्यावी आणि हाताच्या इम्पॅक्ट ड्रायव्हरने (ठोका मारला की फिरणाऱ्या पेचकसाने) हलके ठोके द्यावेत. सांधा सोडवताना पातळ पात्याची पुट्टीची सुरी किंवा दोन लाकडी मुठींमध्ये ताणलेली बारीक पोलादी तार वापरावी. हीट गन एका जागी स्थिर धरू नये. ॲक्रिलिक १०० अंशांच्या आसपास मऊ पडते आणि फायबरग्लासवरच्या चकचकीत बाहेरच्या थराला, म्हणजे जेलकोटलाही, फोड येतात.

काढलेल्या प्रत्येक खिडकीवर बाजू, क्रमांक, वरची कड आणि बाहेरचे तोंड लिहून ठेवावे. डावी आणि उजवी खिडकी दिसायला सारखी असली, तरी जुन्या बोटींवर त्यांच्या मापांत काही मिलिमीटरांचा फरक सहज सापडतो. एकाच नमुन्यावरून दोन्ही काचा कापून आणणे ही महागात पडणारी चूक आहे.

भोकाच्या कडेकडे न पाहणे

खिडकी निघाल्यावर नवी काच बसवण्याची घाई होते, पण खरी किंमत या कडेची आहे. अनेक बोटींच्या केबिनच्या भिंतीत फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये बाल्सा लाकूड किंवा प्लायवूड असते आणि कापलेल्या कडेला ते उघडे असते. वर्षानुवर्षांच्या गळतीने ते भिजून कुजते. काळपट, मऊ किंवा टोचल्यावर पाणी सोडणारे लाकूड दिसले, तर ते तसेच झाकून पुढे जाऊ नये. लहान हातोडीने भिंत ठोकत जावे. टणक आवाज कुठे संपतो आणि बोदा आवाज कुठे सुरू होतो, ते पेन्सिलीने आखावे. कुजलेला भाग कोरून काढावा आणि उरलेला भाग पूर्ण सुकू द्यावा. याला कित्येक आठवडे लागू शकतात. लाकूड चांगले असले, तरी कडेपासून एक-दोन सेंटिमीटर आत कोरून ती खाच दाट केलेल्या इपॉक्सीने भरावी. असे केले की पुढे कधी सांधा गळला, तरी पाणी भिंतीच्या पोटात शिरत नाही. संपूर्ण दुरुस्तीतून एकच काम निवडायला सांगितले, तर मी हेच निवडेन.

काच चुकीची निवडणे

पॉलिकार्बोनेट आघाताला फार चिवट असते, पण त्यावर ओरखडे लवकर उठतात, ते अधिक वाकते आणि संरक्षक थर नसेल तर उन्हाने पिवळे पडते. ॲक्रिलिक अधिक ताठ असते आणि ऊन चांगले सोसते, परंतु त्यात ताण साठला की बारीक तड्यांचे जाळे पसरते. किनाऱ्याजवळ फिरणाऱ्या बहुतेक बोटींच्या स्थिर खिडक्यांना मी ॲक्रिलिकच सुचवेन आणि तेही ओतीव पद्धतीने बनवलेले. यंत्रातून दाबून काढलेले ॲक्रिलिक स्वस्त असते, पण त्यात तडे लवकर पडतात. जाडी मूळ काचेपेक्षा कमी करू नये. खिडकी मूळपेक्षा मोठी करायची असेल किंवा बोट खोल समुद्रात न्यायची असेल, तर लहान बोटींच्या खिडक्या आणि झडपांसाठीच्या आयएसओ १२२१६ या मानकानुसार जाडी काढून घ्यावी.

केबिनची भिंत किंचित वक्र असेल, तर सपाट काच स्क्रूंनी दाबून तिला वळवण्याचा मोह होतो. ओतीव ॲक्रिलिक थंड स्थितीत वळवायचे असेल, तर वळणाची त्रिज्या जाडीच्या किमान २०० पट हवी, म्हणजे ८ मिलिमीटर जाडीसाठी १.६ मीटर. वळण याहून तीव्र असेल, तर काच उष्णतेने आकार देऊनच आणावी. काचेच्या भोकांना निमुळत्या डोक्याचे स्क्रू वापरू नयेत, कारण ते पाचरीसारखे काम करतात आणि भोकापासून तडा सुरू होतो. ५ मिलिमीटरच्या बोल्टसाठी काचेतले भोक ७ ते ८ मिलिमीटरचे असावे आणि वर सपाट डोके व वॉशर असावा. काचेच्या बाहेरच्या कडेलाही चौकटीत मोकळी जागा ठेवावी. ॲक्रिलिक ॲसिटोनने, थिनरने किंवा अमोनियायुक्त काच-सफाईच्या द्रवाने कधीही पुसू नये. तडे लगेच दिसत नाहीत, पण काही दिवसांनी उमटतात.

एकच सीलंट सगळीकडे वापरणे

हा सर्वांत जास्त वादाचा विषय आहे, पण काही गोष्टी निश्चित आहेत. पॉलिसल्फाइड सीलंट डेकवरच्या धातूच्या सामग्रीसाठी उत्तम असले, तरी ॲक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेटला ते अपाय करते. थ्रीएम ५२०० सारखे कायमचे चिकटणारे पॉलियुरेथेन खिडकीसाठी वापरू नये, कारण पुढच्या वेळी काच काढताना जेलकोटही सोबत निघतो. व्हिनेगरचा वास येणारे घरगुती सिलिकोन ॲल्युमिनियमला गंजवते.

धातूची चौकट बोल्टांनी आवळली जात असेल, तर चौकट आणि भिंत यांच्यामध्ये ब्युटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) मला सर्वांत समाधानकारक वाटते. ती सुकत नाही, वर्षानुवर्षे मऊ राहते आणि गरज पडली तर सहज निघते. चौकट नसलेली काच भिंतीवर नुसती चिकटवायची असेल, तर मात्र ब्युटाइल पुरेसे नाही. तिथे प्लॅस्टिकच्या काचांसाठी बनवलेले पॉलियुरेथेन, उदाहरणार्थ सिकाफ्लेक्स २९५ यूव्ही, त्याच्या सांगितलेल्या प्रायमरसह वापरावे. दुसरा मार्ग म्हणजे थ्रीएमच्या जाड, दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या व्हीएचबी टेपसोबत डाउसिल ७९५ सारखे न्यूट्रल (व्हिनेगरचा वास न येणारे) सिलिकोन. पारदर्शक काचेतून येणारे ऊन थेट चिकट थरावर पडते, म्हणून कडेला आतून काळी पट्टी किंवा काळा प्रायमर लावणे विसरू नये. ओल्या पॉलियुरेथेनवर बोट फिरवण्यासाठी अल्कोहोल वापरू नये, कारण त्याने ते नीट पक्के होत नाही.

जुने सिलिकोन ॲसिटोनने जात नाही, उलट पसरते. ते आधी पात्याने आणि मग पॉलिश पेपरने घासूनच काढावे लागते. पृष्ठभाग स्वच्छ झाला की नाही, हे पाहण्यासाठी त्यावर पाणी शिंपडावे. थेंब गोळा झाले तर मेण किंवा सिलिकोन अजून शिल्लक आहे. पाण्याचा सलग पापुद्रा पसरला तर पुढे जाण्यास हरकत नाही.

सांधा पिळून काढणे

आता सुरुवातीच्या त्या एका मिलिमीटरकडे परत येऊ. बोल्ट पूर्ण आवळले की सीलंट कडेने बाहेर येते आणि ते पाहून काम पक्के झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात आत कागदाएवढा थर उरलेला असतो. सीलंटचा थर एक मिलिमीटरचा असेल आणि काच एक मिलिमीटर सरकत असेल, तर थराला आपल्या जाडीएवढे तिरपे व्हावे लागते. तोच थर तीन मिलिमीटरचा असेल, तर हा ताण एक तृतीयांश होतो आणि चांगले सीलंट तो वर्षानुवर्षे सोसते. म्हणून चिकटवलेल्या काचेखाली ठरावीक अंतरावर तीन मिलिमीटर जाडीचे मऊ रबरी तुकडे ठेवावेत, सीलंट भरपूर आणि सलग घालावे, मधे हवेचे पोकळ भाग राहू देऊ नयेत आणि काच तुकड्यांना टेकेल एवढीच दाबावी. बोल्ट असतील तर ते हाताने लागतील तेवढेच लावावेत. सीलंट पक्के झाल्यावर नट जेमतेम पाव फेरा आवळावा आणि त्या वेळी बोल्टचे डोके स्थिर धरावे, कारण बोल्ट फिरला तर त्याच्याभोवतीचा सांधा तुटतो. ब्युटाइलवरची चौकट मात्र थोडी-थोडी करून चार-पाच दिवसांत आवळावी.

हवेतल्या आर्द्रतेने पक्के होणारे सीलंट बाहेरून आत, दिवसाला साधारण दोन ते चार मिलिमीटर या गतीने घट्ट होते. २५ मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्याला म्हणून एक आठवडा किंवा त्याहूनही अधिक लागतो. वरचा थर कोरडा लागला म्हणून दुसऱ्याच दिवशी आधाराचे शिकंजे काढू नयेत. कडेची मास्किंग टेप मात्र सीलंट ओले असतानाच काढावी.

सांधा पक्का झाल्यावर पुन्हा एकदा खालून वर पाणी सोडून पाहावे, पण अस्तर आणि लाकडी पट्ट्या त्यानंतरही लगेच बसवू नयेत. उभ्या बोटीवर कोरडी राहिलेली खिडकी तारा ताणल्यावर गळू शकते. चांगल्या वाऱ्यात, आधी एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला कलून निदान एक-दोन तास बोट चालवावी, उघड्या भिंतीवर कोरडा टिश्यूपेपर चिकटवलेला ठेवावा आणि तो दोन्ही बाजूंना कोरडा राहिला, तरच अस्तर परत लावावे.