थर्मोस्टॅट काढू नका, खताचा युरिया ओतू नका: ट्रकच्या इंजिनातल्या नेहमीच्या चुका

उसाचा हंगाम लागला की निपाणी-संकेश्वर-बेळगाव पट्ट्यातल्या गॅरेजांत एकच तक्रार येते, "मिस्त्री, गाडी हीट मारायलीय." केबिन पुढं पाडून थर्मोस्टॅटचं हाउसिंग खोललं की आत नुसती पोकळी. कुणीतरी थर्मोस्टॅट आधीच काढून फेकलेला असतो. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "आपल्याकडं काय बर्फ पडतोय व्हय? त्याचं इथं काम काय?"

काम आहे, आणि ते थंडीपुरतं नाही. इंजिन गार असताना थर्मोस्टॅट रेडिएटरची वाट बंद ठेवतो आणि पाणी बायपासमधून, म्हणजे रेडिएटर टाळणाऱ्या वाटेनं, इंजिनातच फिरतं. साधारण ८० अंशांच्या आसपास तो उघडायला लागतो. इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. पण बऱ्याच मोठ्या इंजिनांत तो रेडिएटरची वाट उघडता उघडता दुसऱ्या टोकानं बायपास बंद करत जातो, हे फार थोड्यांना माहीत असतं. तो काढला की बायपास कायमचा उघडा राहतो. पाण्याला सोपी वाट मिळते आणि बरंचसं पाणी रेडिएटरचं तोंड न बघताच पुन्हा इंजिनात जातं. रिकामी गाडी सपाट रस्त्यावर गार चालते, म्हणून ड्रायव्हर खूश. भरलेली गाडी तवंदी घाटाच्या चढाला लागली की काटा लाल. शिवाय एरवी इंजिन नको इतकं गार राहतं, डिझेल नीट जळत नाही, कच्चं डिझेल लायनरवरचं (पिस्टन ज्या नळीत चालतो तिच्यावरचं) ऑइल धुऊन खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं. ॲव्हरेज पडलं म्हणून पंपवाल्याला शिव्या घालणाऱ्यांनी आधी हे तपासावं.

हुक्केरीकडची एक दहाचाकी उसाची गाडी आमच्याकडं आली, तोवर तिच्यावर सगळे प्रयोग झाले होते. रेडिएटरचा कोअर नवा. वॉटर पंप नवा. हेड उतरवून, प्लेन करून, नवं गॅस्केट बसवलेलं. तरीही गरम होते म्हटल्यावर कुणीतरी फॅन क्लच, म्हणजे गरजेपुरताच पंखा फिरवणारा भाग, बोल्ट मारून जाम केला होता, म्हणजे पंखा बारमाही फिरणार आणि डिझेल खाणार. थर्मोस्टॅट अर्थातच नव्हता. मालकाचा निम्मा हंगाम कारखान्याच्या गेटऐवजी गॅरेजच्या दारात गेला होता आणि माणूस इंजिन विकायच्या गोष्टी बोलत होता.

मी पाना हातात घ्यायच्या आधी बॅटरी घेतली आणि इंटरकूलर (टर्बोकडून येणारी गरम हवा गार करणारी पुढची जाळी) व रेडिएटर यांच्यामधल्या फटीत उजेड मारला. पलीकडचं काही दिसेना. उसाचं पाचट, शेतरस्त्याची धूळ आणि गळक्या सीलचं ऑइल यांचं गोधडीएवढा जाड थर तिथं बसला होता. गाडी रोज धुतली जात होती, पण पुढून! पुढून इंटरकूलर चकाचक दिसतो आणि मागे रेडिएटरचा श्वास कोंडलेला. कोअर नवा टाकणाऱ्यानंही इंटरकूलरची मागची बाजू तशीच ठेवून गाडी जोडली होती. इंटरकूलर सुटा करून पुढं घेतला, दोन्ही जाळ्या पंख्याच्या बाजूनं बाहेरच्या दिशेनं धुतल्या, प्रेशर बेतानं, नाहीतर फिन्स वाकतात. थर्मोस्टॅट कंपनीच्या नंबराचा, नव्या सीलसकट. फॅन क्लच पूर्ववत. मग भरलेल्या गाडीत स्वतः बसून तवंदी चढलो. काटा मध्यावरून हलला नाही. ड्रायव्हर म्हणाला, "एवढंच हुतं व्हय?" मालक काही बोलला नाही, हेडच्या कामाचं बिल त्याच्या खिशात असावं.

माझी सवय सांगतो. हंगामाआधी ती फट उघडून बघायचीच, गाडी गरम होवो न होवो. नवा थर्मोस्टॅटसुद्धा बसवण्याआधी तारेला बांधून पातेल्यातल्या पाण्यात टांगायचा आणि शेगडी पेटवायची. पाणी उकळायला आलं तरी उघडला नाही किंवा गार असतानाच उघडा दिसला, तर परत दुकानात. पोरांना यात वेळ गेल्यासारखं वाटतं. हेड उतरवायला मात्र त्यांच्याकडं दोन दिवस असतात.

कूलंटच्या जागी बोअरचं पाणी घालू नका. आत क्षार धरतात. वेट लायनरच्या, म्हणजे लायनरला बाहेरून थेट कूलंट लागतं अशा, इंजिनात लायनरच्या थरथरीनं पाण्यात बारीक बुडबुडे उठून फुटतात आणि लायनर बाहेरून टोचला जातो. कूलंटमधली रसायनं ते थोपवतात, नुसतं पाणी थोपवत नाही. मग एक दिवस भोक पडून पाणी ऑइलात उतरतं आणि ऑइल चहासारखं होतं. आणि उकळत्या रेडिएटरचं झाकण खोलणाऱ्याला काय सांगायचं, त्याचा हातच सांगतो.

आता युरिया. एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ नियम आले आणि जवळजवळ प्रत्येक मोठ्या ट्रकला डीईएफची, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या द्रावणाची, टाकी आली. डीईएफमध्ये ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी असतं. एवढं ऐकून आपल्याकडच्या शेतकरी-कम-गाडीमालकाचं डोकं चालतं: घरात खताची पोती पडलीत, विहिरीला पाणी आहे, बादलीत काठी फिरवली की झालं. मी नको म्हणालो तर गोकाकचा एक ड्रायव्हर मला म्हणाला, "एनू आगूदिल्ल री, मिस्त्री." काही होत नाही म्हणे! खताचा युरिया नीमकोटेड असतो, त्यावर कडुनिंबाच्या तेलाचा थर असतो. पिकाला तो चांगला. डोसिंगच्या बारीक नोझलला आणि सायलेन्सरमधल्या धूर साफ करणाऱ्या कॅटलिस्टला तो विष आहे, त्यात विहिरीच्या पाण्यातले क्षार. आधी दिवा लागतो, मग गाडीची ताकद कापली जाते, मग कॅटलिस्टचा भाव ऐकून मालक खाली बसतो. चुकून ओतलंच असेल तर इग्निशन चालू करू नका. टाकी उतरवा, शुद्ध पाण्यानं धुवा, मगच पुढं. सेन्सरला फसवणारी डबी लावून देणारे हायवेला भेटतात. त्यांच्याकडं जायचं असेल तर पुन्हा माझ्याकडं येऊ नका.

एअर फिल्टरला कंप्रेसरची हवा मारणं ही खानापूरकडच्या लाल मातीत चालणाऱ्या गाड्यांची लाडकी चूक. जोराच्या हवेनं कागदाला डोळ्याला न दिसणारी भोकं पडतात आणि धूळ थेट लायनरवर. इंडिकेटर लाल झाला की फिल्टर बदला. आतला छोटा फिल्टर तर कधीच झटकून परत घालायचा नाही.

चढ संपवून ढाब्यावर आलं की लगेच चावी बंद करू नका. टर्बो मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेतो, त्याला ऑइल इंजिन चालू असेपर्यंतच मिळतं. दोन-तीन मिनिटं स्लोवर राहू द्या, तेवढ्यात चहाची ऑर्डर देऊन होते.

घाटात न्यूट्रल मारून डिझेल वाचत नाही. गिअरमध्ये उतरताना ॲक्सिलरेटर सोडला की डिझेल तसंही बंद होतं. न्यूट्रलमध्ये उलट स्लोपुरतं जळतं, आणि ब्रेक तापतात ते वेगळंच.

जुन्या गाड्यांच्या डिझेल पंपाचा स्क्रू 'थोडा वाढवून' मागणाऱ्यांना मी काळा धूर आणि वितळलेला पिस्टन, दोन्ही दाखवतो. तरी मागतात.

डिझेल इंजिनाचं ऑइल बदलल्यावर चार दिवसांत काळं झालं तर घाबरू नका, ते काजळी धरून ठेवतंय. घाबरायचं ते डिपस्टिकवर लेव्हल वाढलेली दिसली तर. "माझी गाडी ऑइल खातच नाही, उलट वाढतंय" असं कौतुकानं सांगणारे मालक आहेत. ते डिझेल किंवा कूलंट आहे, आत कुठूनतरी उतरतंय. लगेच गाडी उभी करा.

शेवटी नव्या पोरांसाठी. स्कॅनरनं कोड दाखवला म्हणून तोच भाग बदलू नका. रेल प्रेशर (सगळ्या नोझलना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक पाइपातलं प्रेशर) कमी असा कोड आला तर आधी वॉटर सेपरेटरचं पाणी काढा, डिझेल फिल्टर बघा, टाकीकडून येणाऱ्या पाइपात हवा शिरतेय का बघा. पंप ही शेवटची गोष्ट. आणि जुन्या इंजिनावर शिकलेली चालू इंजिनात नोझलचा नट ढिला करून मिस (कुठला सिलिंडर जळत नाही ते) शोधायची युक्ती अशा कॉमन रेल इंजिनावर कधीही करू नका. तिथं प्रेशर १६०० बारच्या वरसुद्धा जातं. डिझेलची ती बारीक धार कातडीतून आत घुसते. जखम मुंगी चावल्याएवढी दिसते, पण तसाच घरी गेलात तर बोट कापायची वेळ येते. लागलंच तर तडक दवाखान्यात जा आणि डिझेल प्रेशरनं घुसलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.