निंगबोहून न्हावा शेवाला माल मागवताना

1842च्या नानजिंग तहाने परदेशी व्यापाराला खुल्या झालेल्या पाच चिनी बंदरांपैकी निंगबो एक. 2006 पासून ते शेजारच्या झौशान बंदराशी जोडलं गेलं. हाताळलेल्या मालाच्या वजनात आज जगात पहिलं. यीवू या चिनी शहराच्या घाऊक बाजारातला माल मुख्यतः इथूनच निघतो, त्यामुळे वाशी-तुर्भ्याच्या व्यापाऱ्याने हे बंदर ओळखायलाच हवं.

आधी आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा कोड काढा (फी 500 रुपये), बँकेचा एडी कोड (परकीय चलनाच्या व्यवहारांसाठीचा शाखेचा क्रमांक) आइसगेट या कस्टम्सच्या पोर्टलवर नोंदवा. माल 15 घनमीटरच्या आत असेल तर सहसा एलसीएल (इतरांच्या मालासोबत एकाच कंटेनरमध्ये), त्यापुढे स्वतःचा 20 फुटी कंटेनर. भाव एफओबीवरच (तिकडे माल जहाजावर चढेपर्यंतचाच खर्च धरून) ठरवा. सीआयएफ (जहाजाचं भाडं आणि विमा धरलेला भाव) स्वस्त दिसतो, पण तिकडे एजंटने कमी केलेलं भाडं एलसीएलमध्ये इथे डिलिव्हरी ऑर्डर (माल सोडवण्याचं पत्र) घेताना वसूल होतं.

माल अडकतो तो बहुतेकदा कागदांमुळे. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि बिल ऑफ लेडिंगवरचे (जहाजावर चढलेल्या मालाची पावती) नग, वजन तंतोतंत जुळवा. खेळण्यांना बीआयएस, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा परवाना लागतो. कारखान्याकडे तो आहे का, हे आगाऊ पैसे देण्याआधी तपासा. लाकडी पेटीवर आयएसपीएम-15चा शिक्का (लाकडावर कीडनाशक प्रक्रिया झाल्याची खूण) हवा. बिल ऑफ एन्ट्री (कस्टम्सकडे द्यायचं आयातीचं विवरण) जहाज येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरा. उशीर झाला तर आकार पहिले तीन दिवस रोज 5000 रुपये, नंतर रोज 10000.