गुहागरच्या उन्हात इन्फ्रारेड रोल

माझा पहिला इन्फ्रारेड रोल (डोळ्यांना न दिसणारा, लालपलीकडचा प्रकाशही टिपणारी फिल्म; तिच्यावर पानं पांढरी येतात) मी गुहागरच्या पुळणीवर, भर दुपारी, उघड्या उन्हात कॅमेऱ्यात भरला. रसायनांत धुतल्यावर सुरुवातीच्या सहा फ्रेम्सच्या कडांवर काळे पट्टे आले होते. या फिल्मचा पाया पारदर्शक असतो. डबीबाहेर राहिलेल्या टोकातून उजेड आत शिरतो आणि पार गुंडाळीपर्यंत पोचतो. तेव्हापासून रोल घरात, खिडक्या लावून भरतो. बाहेर असलो तर चेंजिंग बॅगेत, म्हणजे हात घालून काम करायच्या काळ्या, उजेडबंद पिशवीत.

नवशिक्यांनी आधी फिल्म आणि फिल्टर यांची जोडी समजून घ्यावी. कोडॅकची एचआयई 2007 मध्ये बंद झाली. ती साधारण 900 नॅनोमीटरपर्यंत (प्रकाशाच्या लहरीची लांबी) पाहायची. आताची रोलाय इन्फ्रारेड 400 साधारण 820 पर्यंत पाहते, इलफर्ड एसएफएक्स 200 फक्त 740 पर्यंत. होयाचा आर 72 फिल्टर 720 च्या आसपास उघडतो, त्याखालचा प्रकाश अडवतो, म्हणजे एसएफएक्सला जेमतेम एक फट उरते. डिजिटलवाल्यांसाठी विकला जाणारा 850 चा फिल्टर या दोन्ही फिल्म्सवर लावू नका, निगेटिव्ह कोरी येईल. साधा गडद लाल फिल्टर लावला तर आकाश काळवंडतं, पण पानं पांढरी होत नाहीत. त्यासाठी आर 72 च हवा.

पानं गरम असतात म्हणून पांढरी दिसतात, असं मला बरेच जण सांगायचे. तसं नाही. ही फिल्म उष्णता टिपत नाही. हरितद्रव्य इन्फ्रारेड जवळजवळ शोषतच नाही आणि पानाच्या आतल्या पेशी तो प्रकाश परत फेकतात. रॉबर्ट वुड यांनी अशी छायाचित्रं 1910 मध्ये प्रसिद्ध केली, म्हणून याला वुड इफेक्ट म्हणतात. पाणी मात्र हा प्रकाश पिऊन टाकतं. माडांची रांग आणि तिच्या मागे समुद्र, असं दृश्य या फिल्मसाठीच बनलंय असं मला मनापासून वाटतं.

आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. म्हणून सकाळी नऊ ते अकरा समुद्राकडे बघून काढा: सूर्य पाठीशी, झावळ्यांवर समोरून ऊन आणि आकाश सगळ्यात गडद. दुपारनंतर पाठ समुद्राकडे करा आणि वाडीचे फोटो घ्या. पाऊस सरल्यावरचे दिवस उत्तम, कारण हिरवं ताजं आणि हवा धुतलेली असते. धुक्यातून इन्फ्रारेड आरपार जातं, या समजुतीवर विसंबू नका. कोरडी धूसर हवा ते बऱ्यापैकी कापतं, पाण्याचे थेंब नाही.

आता एक्स्पोजर. उजेड मोजणाऱ्या मीटरला हा प्रकाश दिसत नाही, तेव्हा फिल्टरमधून मोजू नका. फिल्टर काढून, आयएसओ 12 धरून मोजा. कडक उन्हात एफ/11 ला साधारण 1/30 सेकंद येतं. त्याच दृश्याच्या तीन फ्रेम्स घ्या: 1/60, 1/30, 1/15. प्रत्येक फ्रेमची वेळ, ऊन, ढग वहीत लिहा. माझी वही फिल्टरइतकीच मोलाची आहे, कारण आर्द्रता बदलली की आकडेही सरकतात. ट्रायपॉड अनिवार्य. फिल्टर लावल्यावर व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार होतो, म्हणून आधी फ्रेम आणि फोकस ठरवा, मग फिल्टर लावा. जुन्या लेन्सवर लाल ठिपका किंवा आर हे अक्षर असतं. ठरलेलं अंतर त्या खुणेसमोर आणा. वारा असेल तर 1/15 ला झावळ्या पिंजलेल्या कापसासारख्या येतात. मला ते आवडतं, तुम्हाला नको असेल तर वारा पडेपर्यंत थांबा.

काही नव्या कॅमेऱ्यांत फ्रेम मोजायला इन्फ्रारेड दिवा असतो. तो फिल्म धुरकट करतो. माझा एक अख्खा रोल असा गेला. पूर्ण यांत्रिक कॅमेरा बरा.

धुणं हा कोकणातला खरा अवघड भाग. डेव्हलपरच्या तक्त्यातली वेळ 20 अंशांची असते आणि ऑक्टोबरात आमच्या नळाचं पाणी 29. मी बर्फाच्या दोन बाटल्या मोठ्या घमेल्यात सोडतो आणि डी-76 (चित्र उमटवणारा डेव्हलपर), फिक्सर (ते पक्कं करणारं रसायन), धुण्याचं पाणी, सगळं त्यातच ठेवतो. 24 च्या खाली जमलंच नाही तर वेळ तीस टक्क्यांच्या आसपास कमी करा. दहा मिनिटांची सात होतात. पाच मिनिटांखाली मात्र जाऊ नका, आकाशात डाग येतात आणि या फिल्मच्या सपाट काळ्या आकाशात ते लगेच दिसतात. थंड डेव्हलपरनंतर थेट नळाखाली धुवायलाही जाऊ नका, जिलेटिनला बारीक सुरकुत्या पडतात. एकदा पडल्या की जात नाहीत. डेव्हलपिंगची टाकी पहिला अर्धा मिनिट सतत उलटीसुलटी करा, पुढे दर मिनिटाला दहा सेकंद. शेवटचं पाणी डिस्टिल्ड. न्हाणीघरात आधी गरम पाणी सोडून धूळ बसू द्या, मग रोल टांगा. आमच्या दमट हवेत रात्रभर तरी वाळू द्यावा लागतो.

सकाळी निगेटिव्ह खिडकीशी धरा. झावळ्या दाट काळ्या आणि आकाश जवळजवळ काचेसारखं स्वच्छ असेल तर एक्स्पोजर जमलं. माझा पहिला जमलेला प्रिंट ज्यांच्या वाडीत काढला, त्या आजींना नेऊन दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ धरला आणि विचारलं, "माडांना चुना कधी लावलास रे?" तो फोटो अजून त्यांच्या माजघरात आहे, कॅलेंडरशेजारी.